पातं माझं, ठोकळा साडभावाचा

१२ फेब्रुवारी १९६१, नेर

आज दुकानाची वाटणी झाली. रात्रशाळेतले गुरुजी सांगत, नवा धंदा काढणाऱ्यानं रोज संध्याकाळी चार ओळी लिहाव्या, डोकं ठिकाणावर राहतं. भाषाही शुद्ध ठेवा म्हणत. डोक्याचं आणि भाषेचं जमेल तसं करू.

माझा साडभाऊ श्रावण, म्हणजे माझ्या बायकोच्या, नलूच्या, मोठ्या बहिणीचा नवरा. सुतारकाम ते अमरावतीला एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकले आणि मला त्यांनी शिकवलं. दारांच्या चौकटी, फोटोच्या फ्रेमा आणि सागवानी पट्ट्या, ज्यांच्या कडेवर नक्षीची गोलाई काढतात, ही आमची कामं. आजपासून आमची नाहीत. त्यांची ती त्यांची, माझी ती माझी.

वाटणी केली सासूबाईंनी. त्यांना आम्ही दोघं जावई मामी म्हणतो. दुकानाच्या छपरात पाटावर बसल्या आणि भाजी निवडावी तशी अवजारं निवडली. मोठी करवत त्याले, लहान तुले. ही पटाशी त्याले, ती तुले. शेवटी उरला गलता. गलता म्हणजे नक्षीचा रंधा. साधा रंधा लाकूड सपाट करतो, गलता त्याच कडेवर एक पोट आणि एक गळा काढतो. नेरमध्ये असा एकच आहे. एक टोक श्रावणभाऊंनी धरलं, एक मी. दोघंही सोडेनात.

मामींनी हातोडी मागितली. पाचरीवर टिचकी मारली, पाचर सुटली, आतलं पातं खाली पडलं. ते त्यांनी मला दिलं आणि रिकामा ठोकळा श्रावणभाऊंच्या मांडीवर ठेवला.

"घ्या," म्हणाल्या. "आता दोघंही घासत बसा."

नलू आणि तिची बहीण सत्यशीलाताई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. दोघींचे खांदे हलत होते. बायकांना अशा वेळी फार वाईट वाटतं.

मी मात्र जिंकलो. रंध्यात पातंच तर असतं. ठोकळा म्हणजे नुसतं लाकूड, ते कुणाच्याही चुलीपाशी मिळतं.

१४ फेब्रुवारी

भांडणाचं कारण लिहून ठेवतो, कारण तोंडानं कुणालाच सांगितलेलं नाही. गल्लीत सगळे म्हणतात, लाकूड चिकटवायचा सरस माझ्या हातून करपला म्हणून फाटलं. सरस करपला हे खरं. श्रावणभाऊ बोलले, मी बोललो, हेही खरं. पण ते निमित्त.

त्याच्या दोन दिवस आधी पुसदचे एक मोठे गृहस्थ नव्या घराच्या चौकटी ठरवायला आले होते. पट्टीच्या गळ्यात सावली पडते म्हणून ती उठून कशी दिसते, हे मी त्यांना समजावत होतो. ते मान डोलवत होते. मला मिस्त्री म्हणाले. तेवढ्यात मागून श्रावणभाऊंनी हाक मारली, "उकंडा, गलता आन बरं इकडं."

पुसदचे गृहस्थ हसले. उकंडा कोण, म्हणाले.

मी उकंडा होतो. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मला जन्मल्यावर घडीभर उकिरड्यावर ठेवलं आणि तेच नाव दिलं, म्हणजे मरणाला वाटावं हे फेकलेलंच आहे. आईनं मायेनं ठेवलं, पण गावानं ते मायेनं घेतलं नाही. नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवशी मी ते नाव तिथंच सोडून आलो. आता मी धर्मपाल आहे. रात्रशाळेच्या हजेरीतही धर्मपाल आहे.

त्या वेळी मी काही बोललो नाही. गलता नेऊन दिला. मग सरस करपल्यावर बोललो.

नलूलाही हे सांगितलं नाही. सांगायचं तर ते नाव पुन्हा घ्यावं लागतं.

१७ फेब्रुवारी

स्वतंत्र धंद्याचा पहिला खरा दिवस. घराच्या ओसरीत पट्टी बांधली, पातं हातात धरलं, ओढलं. पातं लाकडात न शिरता अंगठ्यात शिरलं. नलूनं हळद भरली आणि विचारलं, ह्याच्यापायी ठोकळा असते काय?

१९ फेब्रुवारी

युक्ती सापडली. बाभळीच्या एका ठोकळीला करवतीनं चीर पाडली, चिरेत पातं खोचलं, वरून सुतळीनं आवळलं. ठोकळी पट्टीच्या कडेला टेकवून दोन्ही हातांनी ओढायची. रंधा कापतो, हे खरवडतं. हळू चालतं, पण चालतं. ओसरीभर बारीक भुसा झाला. श्रावणभाऊंच्या ठोकळ्यात पातंच नाही, तेव्हा त्यांचा भुसा शून्य. हे मनात मोजलं आणि बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

बरं वाटणं टिकलं नाही. पट्टीच्या कडेचे तुकडे उडतात. गळा काढला की तो उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. मनातून वाटतं, मला येतच नाही. आजवर जमत होतं ते श्रावणभाऊ शेजारी उभे असत म्हणून.

२३ फेब्रुवारी

नलू खरंच हुशार बाई आहे. हळद कांडायला बहिणीकडे गेली होती. परत आली, माझ्या मागं उभी राहून पाहिलं आणि म्हणाली, "तुमी मांजर उलटं कुरवाळून राह्यले. उलटं कुरवाळलं त थे बोचकारनच. केस जिकडं जातात तिकडं हात न्या. अन सुरुवात पट्टीच्या दूरच्या टोकाकून करा, थोडं थोडं मागं या."

लाकडाच्या रेषा पाहिल्या. खरंच मी उलटा ओढत होतो. पट्टी फिरवून घेतली, दूरच्या टोकापासून सुरू केलं. पट्टी लोण्यासारखी आली.

जिनं आयुष्यात रंधा धरला नाही तिला मांजरावरून हे सुचावं. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, सुचते कधी कधी.

२६ फेब्रुवारी

मोठं काम आलं आणि अर्धंच आलं.

आपल्या वस्तीतला विहार बांधून होत आला आहे. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली. कमिटीचे प्रमुख भीमराजकाका आज मामींच्या अंगणात आले आणि आम्हा दोघा साडभावांना बोलावलं. विहाराच्या आत, दाराच्या उंचीवर, चारही भिंतींवर सागवानी पट्टी फिरवायची आहे, आणि तिच्या कडेला गलत्याची नक्षी हवीच, असं आम्ही दोघांनी एकदमच काकांना पटवलं. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन.

मला वाटलं, कोणाला तरी एकाला देतील. मी छाती काढून बसलो. श्रावणभाऊंनीही काढली होती.

काका म्हणाले, "दोघंही आपलेच. लागून असलेल्या दोन भिंती तुह्या, दोन त्याच्या. कोपऱ्यात भेटा." मग जरा थांबून म्हणाले, "दारव्ह्याचे, यवतमाळचे लोक येतीन. कोपरा जुळला नाही त म्हणतीन, यायले दीक्षा घेता आली, दोन पट्ट्या एका जागी आणता आल्या नाहीत."

मामी आणि दोघी बहिणी तिथंच तूर निवडत होत्या. तिघीही एक शब्द बोलल्या नाहीत. त्या तिघी एका जागी असून गप्प, हे मी पहिल्यांदा पाहिलं. काकांचा धाक असणार.

४ मार्च

बातमी आहे. श्रावणभाऊ बसनं आर्णीला गेले आणि तिथल्या एका लोहाराकडून गलत्याचं पातं करून आणलं. दुसऱ्याच ओढीला ते वाकलं. आज मला भाकर जास्त गेली.

नंतर वाटलं, त्यांच्या दोन भिंती झाल्याच नाहीत तर माझ्या दोन भिंती कोपऱ्यात कुणाला भेटणार? पाणी प्यायलो आणि विचार सोडला.

१० मार्च

ऊन चढलं आहे. नलू म्हणते, दुपारी जेवल्यावर पडत जा, नाहीतर उष्माघात होईल. आतल्या खोलीत पाणी शिंपडून चटई टाकून ठेवते. एवढी काळजी तिनं लग्न झाल्या वर्षीही केली नव्हती. दुकान वेगळं काढल्यापासून तिला माझी किंमत कळली.

१३ मार्च

दुपारी झोपतो आणि उन्हं कलल्यावर उठतो. उठल्यावर काम फार चांगलं होतं. सकाळी पातं अडखळतं, संध्याकाळी सरसर जातं. हात ताजा असतो म्हणून असेल.

२१ मार्च

हात ताजा असतो एवढंच कारण नाही. आज नीट लक्ष दिलं. सकाळी काम थांबवलं तेव्हा पात्याला धार नव्हती. झोपून उठलो तर नखावर टेकवताच नख खरवडलं गेलं. सुतळीची गाठही मी मारतो त्यापेक्षा घट्ट होती. उन्हानं सुतळी आवळत असेल.

माझा असा समज होत चालला आहे की लोखंडालाही विश्रांती लागते. माणूस थकतो, बैल थकतो, मग पातं का थकू नये? खात्री करायला लहान करवतीलाही दोन दिवस दुपारी निजवून पाहिलं. तिच्यात काही फरक नाही. करवत मुळातच आळशी आहे.

नलूला हे सांगितलं तर तिला एकदम ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली.

२९ मार्च

एक भिंत पूर्ण होईल एवढ्या पट्ट्या झाल्या. ओसरीत उभ्या करून ठेवल्या आहेत. उन्हं तिरपी आली की प्रत्येकीच्या गळ्यात सावलीची एक रेघ उतरते, वरपासून खालपर्यंत, कुठंही न तुटता. मी बराच वेळ पाहत बसलो. हे मी केलं असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. चांगलं वाटलं. शेजारची कोंबडी दचकली.

२ एप्रिल

मामी दोघी मुलींना घेऊन पुसदला लग्नाला गेल्या. येतील चार-पाच दिवसांनी. मी भाकर थापली. नकाशावर जसा देश दिसतो तशी झाली, आणि करपली. पलीकडे श्रावणभाऊंच्या घरातूनही तसाच वास येत होता.

४ एप्रिल

पातं बोथट झालं. दुपारी विश्रांती दिली, उठून पाहिलं, तसंच. आणखी दिली. तसंच. लोखंडाच्या विश्रांतीबद्दल मी जे वर लिहिलं आहे ते चूक असावं.

५ एप्रिल

आज हात भाजल्यासारखा दिवस गेला.

पात्याला मीच धार लावायला बसलो. आजवर हे काम श्रावणभाऊ करत. साध्या रंध्याचं पातं सरळ असतं, दगडावर घासलं की झालं. गलत्याच्या पात्याला वळणं असतात. मी कानस घेतली, घासलं, थोडं जास्त गेलं, म्हणून दुसरीकडून घासलं, तिकडूनही जास्त गेलं. शेवटी धार आली, पण आकार गेला. पट्टीवर ओढून पाहिलं तर पोट चपटं आणि गळा रुंद. आधीच्या पट्टीशेजारी धरली. सावत्र बहिणी वाटतात.

आता पुढच्या पट्ट्या मागच्यांना जुळणार नाहीत, मग श्रावणभाऊंच्या कोपऱ्याला काय जुळणार? सगळ्या तालुक्यासमोर लोक कोपऱ्याकडे बोट दाखवतील आणि विचारतील, ही बाजू कोणाची. तेव्हा माझं कोणतं नाव सांगितलं जाईल ते मला माहीत आहे.

श्रावणभाऊंच्या दारापर्यंत गेलो होतो. ते चुलीशी भांडत होते, त्यांनी पाहिलं नाही. परत आलो.

७ एप्रिल

नलू आली. मी पातं फक्त पाटावर उघडं ठेवलं. तिनं पाहिलं, पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. लग्नातला बुंदीचा लाडू काढून दिला आणि म्हणाली, खा अन झोपा.

सकाळची वेळ होती. तरी झोपलो.

८ एप्रिल

पातं जसं होतं तसं झालं आहे. पोटाला पोट, गळ्याला गळा. जुन्या पट्टीवर बसवून पाहिलं, केसभर फट नाही.

आता मला सगळं कळलं. नलू गुपचूप पातं लोहाराकडे नेते. आधीही नेत असणार. मला धार लावता येत नाही हे मला कळू नये म्हणून ती मी झोपल्यावर नेते. केवढी लाज राखली तिनं माझी. मी तिला विचारणार नाही. तिनं एवढं झाकून ठेवलं, ते मी उघडं कशाला करू? उलट आजपासून जेवण झालं की लगेच झोपायला जातो, आणि झोप नसली तरी घोरतो.

१४ एप्रिल

आज जयंती. वस्तीतून मिरवणूक निघाली. पुढचा कापडी फलक दोन काठ्यांना बांधलेला होता. भीमराजकाकांनी एक काठी माझ्या हातात दिली, दुसरी श्रावणभाऊंच्या. जवळ चाललो की फलकाला घडी पडे आणि अक्षरं मिटत, दूर चाललो की तो ताठ राही. त्यामुळे आमचं भांडण आज उपयोगी पडलं. सबंध बाजारातून एकदाही अक्षर मिटलं नाही.

बाजारपेठेत वळण घेताना त्यांनी पलीकडून विचारलं, "जड होते काय?"

मी नाही म्हणालो. एवढंच बोलणं झालं.

२७ एप्रिल

आज पट्ट्या ठोकल्या. सविस्तर लिहितो.

श्रावणभाऊंनी त्यांच्या दोन्ही भिंती सकाळीच पूर्ण केल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा ते त्यांच्या स्टुलावर उभे राहून खिळ्यांच्या खाचा मेणानं बुजवत होते. त्यांच्या पट्ट्यांकडे न पाहायचं ठरवलं होतं, तरी पाहिलं. सुरेख होत्या. पण त्या एवढ्या ओळखीच्या का दिसतात ते कळेना.

माझ्या भिंतींवर एकेक पट्टी चढवत गेलो. नलू स्टूल धरून होती. भीमराजकाका, मामी, सत्यशीलाताई आणि वस्तीतली पाच-सहा माणसं खाली उभी होती. शेवटची पट्टी कोपऱ्याची. टोक तिरपं कापून आणलं होतं. ते त्यांच्या तिरप्या टोकाला भिडवलं आणि डोळे मिटून घेतले.

कोणी काही बोलेना म्हणून उघडले. माझ्या पट्टीचं पोट त्यांच्या पोटात गेलं होतं आणि गळा गळ्यात. सावलीची रेघ माझ्या भिंतीवरून आली, कोपऱ्यात वळली आणि त्यांच्या भिंतीवरून पुढं निघून गेली. दुसरा कोपराही तसाच.

काका स्टुलावर चढले आणि जोडावरून नख फिरवलं. "नख अडकत नाही," म्हणाले. "एका हातचं काम वाटते हे."

श्रावणभाऊ पलीकडच्या स्टुलावरून म्हणाले, "हात दोन हायेत, काका. पातं एक हाय. धर्मपालनं रोज दुपारी पातं धाडलं नसतं त माह्या भिंती कोऱ्याच राह्यल्या असत्या. भांडणात असं वागणारा माणूस म्या त पाह्यला नाही."

माझ्या तोंडात चार खिळे होते. देवानं नाही, पण नशिबानं ठेवले होते म्हणावं. सगळी माणसं माझ्याकडे कौतुकानं पाहत होती. मी खाली नलूकडे पाहिलं. ती स्टुलाच्या पायाकडे फार लक्ष देऊन पाहत होती.

दुपारी बाकीचे घरी गेले. आम्ही दोघं साडभाऊ विहाराच्या मागच्या सावलीत भाकर खायला बसलो. काही वेळ मी ते कौतुक तसंच अंगावर ठेवलं. पण ते दुसऱ्याच्या सदऱ्यासारखं काखेत काचायला लागलं.

"म्या नाही धाडलं," मी म्हणालो. "मी त रोज झोपेत असायचो. नलू नेत असन."

श्रावणभाऊंनी घास चावून संपवला. मग म्हणाले की सत्यशीला तर रोज सांगे, धर्मपाल म्हणते, त्याचं काम झालं की तुमी तुमचं करा. म्हणून ते वापरून झालं की धार लावून परत करत. मध्ये लग्नाच्या वेळी पात्याची वळणं कोणीतरी खाल्ली होती, ती त्यांनी पातं ठोकळ्यात बसवून पुन्हा काढली. ठोकळ्याच्या पोटाला तोच आकार असतो, त्याच्यावरून कानस चालवली की पातं चुकत नाही. मी ज्याला नुसतं लाकूड म्हणत होतो ते हे. आणि लोहार कुठंच नव्हता.

"मग दुकान काहून सोडलं तू?" त्यांनी विचारलं. "सरस करपला म्हणून? सरस त माह्याकूनही करपते."

तेव्हा सांगितलं. "पुसदच्या पाहुण्यासमोर तुमी मले उकंडा म्हणलं."

"म्या म्हणलं?"

"म्हणलं."

त्यांनी नाकारलं नाही. आठवायचा प्रयत्न केला. खरंच करत होते, कपाळावर दिसत होतं. आठवलं नाही. मी एवढे दिवस जी गोष्ट उशाशी घेऊन झोपलो ती ह्या माणसाच्या घरी कधी गेलीच नव्हती. मला राग यावा की हसू यावं कळेना. दोन्ही आलं नाही.

मग ते म्हणाले, "माह्यं नाव श्रावणच राह्यलं. बापानं ठेवलं, त्यात वंगाळ काही नव्हतं, म्हणून म्या बदललं नाही. त्याच्यानं मले समजत नाही, जुन्या नावानं हाक आली त आत काय होते. तू सांगायचं होतं."

"सांगायचं त थे नाव घ्यावं लागते."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या भाकरीवरचा ठेचा माझ्याकडे सरकवला. सत्यशीलाताईच्या हातचा ठेचा नेहमीच तिखट असतो, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्याही आलं, तेही तिखटच खात होते.

उठताना त्यांनी एक विचित्र प्रश्न केला. मांजर आता सरळ कुरवाळतो ना, म्हणाले. त्यांच्याकडे मांजर नाही, माझ्याकडेही नाही. मग लक्षात आलं, नलूची ती उपमा बहिणीमार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचली असणार. बायकोची हुशारी अशी चारचौघांत जाते तेव्हा अभिमान वाटतो.

२८ एप्रिल

श्रावणभाऊ संध्याकाळी दारात आले आणि दुकानात परत येतो काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, दोन-तीन दिवस विचार करू द्या. माणसानं लगेच हो म्हणू नये. ते ठीक म्हणाले आणि गेले.

विचार करत बाजारात चक्कर मारून आलो तर ओसरी रिकामी. करवत नाही, पटाशी नाही, पातंही नाही. नलू आणि सत्यशीलाताईंनी सगळं टोपल्यांत भरून दुकानात नेऊन लावलं होतं. नलूला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुमी तिकडं बसून इचार करा. इथं मले मिरच्या वाळू घालायच्या हायेत."

म्हणून आता दुकानात बसून विचार करतो आहे. निर्णय अजून झालेला नाही, पण उद्या दोन फ्रेमा द्यायच्या आहेत.

३० एप्रिल

बुद्धपौर्णिमा. उद्घाटन झालं.

माणसं एवढी आली की अर्धी अंगणात बसली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, मेणबत्त्या. भंतेजींनी वंदना म्हटली. मी हात जोडले होते, पण डोळे सारखे कोपऱ्याकडे जात होते. तिथं कोणीच पाहत नव्हतं. यवतमाळचे पाहुणे पाहत नव्हते, दारव्ह्याचे पाहत नव्हते. जुळलेला कोपरा दिसत नाही, न जुळलेला तेवढा दिसतो, असं दिसतं. मला थोडं वाईट वाटलं. श्रावणभाऊ माझ्या शेजारी बसले होते, त्यांचेही डोळे तिकडेच होते.

वंदना झाल्यावर खिरीची वाटी हातात घेऊन मामी भिंतीपाशी आल्या आणि मान वर करून पट्टी पाहू लागल्या. फार वेळ पाहिली. आम्ही दोघं सावरून उभे राहिलो.

"चांगलं झालं," मामी म्हणाल्या. "पण ह्या खाचाइत धूळ बसन. थे पुसन कोण?"

ओळीतल्या सगळ्या बायकांनी एकदम वर पाहिलं. सबंध दिवसात पट्टीकडे एवढ्या लोकांनी पाहण्याची ती पहिली वेळ. मग सगळ्या बोलायला लागल्या. बाजारातली धूळ, कापसाच्या गाड्यांची धूळ, कौलांतून गळणारी माती, चिमण्या. आम्ही लाकडाच्या रेषांचा विचार केला होता, सावलीचा केला होता, कोपऱ्याचा तर रात्रंदिवस केला होता. धुळीचा विचार दोघांपैकी एकालाही आला नव्हता.

काका म्हणाले, महिला मंडळ पुसून घेईल. मामींनी विचारलं, खाचा महिला मंडळानं पाडल्या काय? तिथल्या तिथं ठरलं की दर पौर्णिमेला वंदनेआधी दोघा साडभावांनी स्टूल घेऊन यावं आणि आपापल्या भिंती पुसाव्या. कमिटीनं हात वर करून मंजूर केलं. आमचे हात कोणी मोजले नाहीत.

भंतेजी पुन्हा बोलायला बसले तेव्हा श्रावणभाऊ माझ्या कानाशी वाकले. "साधी फळी मारली असती त चाललं नसतं काय?"

मी म्हणालो, गलता पाहिजे असं काकांना तुम्हीच पटवलं. ते म्हणाले, मी नाही, तू. मी म्हणालो, तुम्हीच, मामींच्या अंगणात, मी समोर होतो. सत्यशीलाताईनं मागून दोघांच्याही पाठीत बोट खुपसलं. आम्ही हात जोडून गप्प बसलो.

तेवढ्यात खिडकीतून एक चिमणी आत आली आणि माझ्या पट्टीवर बसली. इकडंतिकडं पाहिलं, टुणटुण उड्या मारत कोपऱ्यात गेली, न थांबता वळली आणि त्यांच्या पट्टीवर चालू लागली. दोघांच्याही भिंतीवर सारखंच पांढरं काम करून ती खिडकीतून गेली. श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

उद्या सकाळीच स्टूल घेऊन जावं लागेल. पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबता येणार नाही.